शिवार, गोठा आणि रान : वाणवैविध्याचे जतन

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांच्या काळ्या रानांत रब्बीची ज्वारी उभी राहते ती पावसाच्या भरवशावर नव्हे, तर सरत्या पावसाने जमिनीत मागे ठेवलेल्या ओलीच्या भरवशावर. पेरणीनंतर एखादी सर आली तर आली, नाही तर कणीस भरेपर्यंत पिकाला त्या ओलीवरच निभवावे लागते. अशा रानात पिढ्यान्पिढ्या टिकून राहिलेल्या स्थानिक मालदांडी ज्वारीतून मोहोळ येथील संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात एक निवड करण्यात आली. तीच पुढे ‘मालदांडी ३५-१’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर जवळजवळ नऊ दशके लोटली. दरम्यान ज्वारीचे कितीतरी सुधारित व संकरित वाण आले आणि गेले. परंतु पांढऱ्याशुभ्र टपोऱ्या दाण्याची, गोड भाकरीची आणि जनावरे आवडीने खातात अशा कडब्याची ही ज्वारी रब्बीच्या रानातून हटलेली नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच मालदांडीच्या लौकिकावर.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. संशोधकांनी हा वाण घडविला असे म्हणण्यापेक्षा तो निवडला असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. निवडण्यासाठी मुळात शेतात पुष्कळ काही असावे लागते. मोहोळच्या परिसरात त्या काळी मालदांडीची जी रोपे उभी होती, ती सारी एका साच्याची नव्हती. कोणी आधी निसवे, कोणी उशिरा. कोणी खोडमाशीला लवकर बळी पडे, कोणी तग धरी. सुगीला शेतकरी स्त्री-पुरुष त्यांतून मनाजोगी कणसे बाजूला काढीत, आढ्याला टांगीत आणि पुढल्या वर्षी त्यांचेच बी पेरीत. हे काम शेकडो वर्षे चालले होते. शास्त्रज्ञाची निवड ही त्या दीर्घ निवडीतील एक पायरी होय.

एकाच जातीच्या पिकात, जनावरात किंवा वृक्षात आढळणाऱ्या या आंतरिक वेगळेपणास शास्त्रात ‘आनुवंशिक विविधता’ असे म्हणतात आणि ती ज्यात साठविलेली असते त्या बी, रोप, कलम, रेत आदींस ‘जननद्रव्य’ अशी संज्ञा आहे. शब्द नवे असले तरी वस्तू जुनीच आहे. हुरड्याला गुळभेंडी, भाकरीला मालदांडी आणि नागपंचमीच्या लाह्यांना आणखी निराळी ज्वारी, असा भेद करणाऱ्या घराला ती ओळखीचीच होती.

खरिपाची कथा निराळी

रब्बीत जे घडले ते खरिपात घडले नाही. १९६४ साली देशातील पहिली संकरित ज्वारी ‘सी.एस.एच. १’ प्रसारित झाली. तिची मादी ओळ ‘कंबाइन काफिर ६०’ या अमेरिकी वाणापासून आलेली होती. बुटकी, लवकर येणारी आणि खताला भरघोस प्रतिसाद देणारी ही ज्वारी महाराष्ट्राच्या खरीप पट्ट्यात झपाट्याने पसरली. तिने उत्पादन वाढविले, यात संशय नाही. धान्याच्या तुटवड्याचे ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना संकरित ज्वारीचे मोल सांगावे लागत नाही. जुने ते सारे चांगले होते असे मानणाऱ्यांनी १९७२ चा दुष्काळ विसरू नये.

तथापि लवकर येणारी ज्वारी पावसाळा सरण्यापूर्वीच दाण्यावर येई. घट्ट कणसात पाणी साचे, दाण्यावर बुरशी चढे आणि ज्वारी काळी पडे. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही. पूर्वीची उंच, उशिरा पिकणारी स्थानिक ज्वारी पाऊस उघडल्यावर दाण्यावर येत असल्याने या संकटातून बहुधा सुटत असे. परंतु संकरिताचा दोष ध्यानात येईपर्यंत अनेक गावांतून त्या जुन्या ज्वारीचे बी निघून गेले होते. परतीची वाट उरली नाही. पुढे सोयाबीनला भाव मिळू लागला आणि विदर्भ-मराठवाड्यातील खरीप ज्वारीचे फार मोठे क्षेत्र त्याने घेतले. गावाने नवा वाण स्वीकारला ही चूक नव्हती; जुन्याचे पायलीभर बी कोणीही बाजूला ठेवले नाही, नुकसान तेथे झाले.

एकसारखेपणाची किंमत

सर्वत्र एकच वाण असणे सोयीचे असते. मशागत एक, काढणी एक, बाजारभाव एक. पण रोगालाही तेच सोयीचे असते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला, तेव्हा गरिबांच्या शेतात बहुतांशी एकाच वाणाचा बटाटा होता. बटाटा कंदापासून लावला जात असल्याने प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब प्रत होते. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. ती गोष्ट जुन्या काळची आणि अज्ञानातील म्हणून सोडून द्यावी, तर १९७० साली शास्त्रात अग्रेसर असलेल्या अमेरिकेतच मक्याचे सुमारे पंधरा टक्के पीक एका पर्णरोगाने गेले. संकरित बियाणे तयार करणे सोपे व्हावे म्हणून बहुतेक सर्व बियाणे कंपन्यांनी नरवंध्यत्वाचा एकच मूळ स्रोत वापरला होता. वरून वाणांची नावे निराळी, वेष्टने निराळी. आतून मात्र सारे एका नात्याचे. त्या एका स्रोतालाच रोग लागू पडला.

याच्या नेमके उलट उदाहरण भाताचे आहे, आणि त्याचा संबंध आपल्या देशाशी आहे. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात भाताची रोपे गवतासारखी खुरटवून टाकणारा एक विषाणुरोग बळावला. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांत प्रतिकारशक्ती आढळली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भाताच्या नमुन्यात, आणि त्यातीलही मोजक्याच रोपांत. डबक्यांच्या व ओढ्यांच्या काठी उगवणारे, दाणे झडून जाणारे हे गवतवजा भात. शेतकरी त्याला तण समजून उपटतो. त्याच्यातील तो एक गुण संकराने उचलून ‘आय.आर. ३६’ हा वाण १९७६ साली प्रसारित झाला आणि काही वर्षांतच आशियातील कोट्यवधी एकरांवर पसरला. तो नमुना कोणी गोळा करून ठेवला नसता तर पुढे काय झाले असते, याची कल्पना करावी.

आपल्या कोकणातही एक लहानसे पण बोलके उदाहरण आहे. हापूस आंब्याच्या गरात होणारा साका हा बागायतदाराचा जुना शत्रू. वरून फळ निर्दोष दिसते, कापल्यावर आत पांढरट, आंबूस, भुसभुशीत भाग निघतो. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने दक्षिणेकडील नीलम आंब्याशी हापूसचा संकर करून ‘रत्ना’ ही जात १९८१ साली प्रसारित केली. तिच्यात साका होत नाही. हापूसच्या दोषावरील उतारा हापूसच्या बागेत नव्हता. तो दुसऱ्या आंब्यात होता. हापूसची सर्व झाडे कलमांची, म्हणजे एकमेकांच्या प्रतीच. कोयीपासून उगवलेले रायवळ आंबे मात्र प्रत्येकी स्वतंत्र असतात. एक गोटीएवढा, एक लोणच्याचा, एक चोखून खायचा, एक पावसाळ्यात पिकणारा. रस्तारुंदीकरणात आणि जळाऊ लाकडासाठी ही झाडे तोडली जातात तेव्हा कोणी हरकत घेत नाही, कारण त्यांना बाजारात नाव नसते.

पेढीतले बी आणि शेतातले बी

पिकांची मूळस्थाने शोधत जगभर फिरणारे रशियन शास्त्रज्ञ वाविलोव्ह यांनी १९२० च्या दशकापासून लेनिनग्राडला बियाण्यांचा प्रचंड संग्रह उभा केला. दुसऱ्या महायुद्धात त्या शहराला वेढा पडला असता काही संशोधक उपासमारीने मरण पावले, पण धान्याच्या त्या पोत्यांना त्यांनी हात लावला नाही. स्वतः वाविलोव्ह तत्पूर्वीच राजकीय रोषाला बळी पडून कैदेत होते. १९४३ साली तुरुंगातच त्यांचा अंत झाला. आज जगात लहानमोठ्या अनेक जननद्रव्य पेढ्या आहेत. भारतात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोची स्थापना १९७६ साली झाली. दिल्ली येथील तिच्या पेढीत बियाणे वाळवून, हवाबंद पाकिटांत, उणे १८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवले जाते. नमुन्यांची संख्या चार लाखांहून अधिक आहे. या ब्यूरोचे एक प्रादेशिक केंद्र अकोला येथे आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेकडे एकट्या ज्वारीचे चाळीस हजारांच्या आसपास नमुने आहेत.

मग गावाने चिंता का करावी? कारण पेढीत बी जिवंत राहते, पण थांबलेले राहते. पाऊस बदलतो, किडी बदलतात, जमिनीचा पोत बदलतो. शेतातले बी दरवर्षी या बदलांशी झुंज घेत थोडे थोडे बदलत जाते, पेढीतले नाही. शिवाय पाकिटावर जे लिहिले जात नाही तेही पुष्कळ असते. हा घेवडा कोणत्या महिन्यात लावावा, हे भात खाचरात लावावे की माळावर, बाळंतिणीला कोणती नाचणी द्यावी, ही माहिती पेढीत जमा होत नाही. गोव्याच्या खाजण जमिनीत कोरगुट भात खारे पाणी सोसते, हे कळते ते बांध-मानशीसह खाजण सांभाळणाऱ्यांना. खाजणे पडीक राहिली तर भाताबरोबर तेही ज्ञान जाते.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांचे कार्य या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी शेतकरी स्त्रीने वाल, घेवडा, भात, नाचणी व भाजीपाल्याचे गावठी वाण जमवून, स्वतः पेरून, इतरांना वाटून वाढविले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामास ‘बायफ’ या संस्थेचे साह्य लाभले. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेली ही संस्था प्रथम नावारूपास आली ती विदेशी वळूंच्या साह्याने संकरित गाई निर्माण करण्याच्या कार्यक्रमामुळे. त्याच संस्थेने पुढे गावठी बियाण्यांच्या पेढ्यांना हात द्यावा, यात विसंगती नाही. सुधारणा करणाऱ्यालाच मूळ द्रव्याची गरज आधी जाणवते.

गोठ्यातील प्रश्न

पशूंच्या बाबतीत प्रश्न अधिक कठीण आहे. बी मडक्यात राखेत घालून ठेवता येते; बैल दावणीला बांधून रोज खाऊ घालावा लागतो. महाराष्ट्राला देशी गोवंशाचा मोठा वारसा आहे. माणदेशची खिल्लार, लातूर भागातील देवणी, नांदेडची लाल कंधारी, वर्ध्याची गवळाऊ, सह्याद्रीच्या घाटमाथ्याची डांगी. म्हशींत पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी. शेळ्यांत उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी. आणि धनगरांच्या कळपांतील दख्खनी मेंढी. यांतील प्रत्येक जात आपल्या प्रदेशाच्या हवापाण्याने घडविली आहे. डांगी जनावराच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि इगतपुरी-अकोल्याच्या धो धो पावसात ते भाताच्या चिखलात दिवसभर राबू शकते. त्याचे काळे, टणक खूर चिखलदगडात झिजत नाहीत. राजूरच्या प्रदर्शनात निवडलेले वळू पाहिले म्हणजे त्यामागची पारख ध्यानात येते.

परंतु या जाती मुख्यत्वे कामाच्या आहेत, दुधाच्या नव्हेत, आणि शेतातील काम ट्रॅक्टरने घेतले आहे. गायराने आक्रसली आहेत. बैलजोडी सांभाळणे न परवडणाऱ्या शेतकऱ्याला ‘जातीचे जतन कर’ असा उपदेश करणे सोपे, पण अन्यायाचे आहे. खिल्लारच्या बाबतीत बैलगाडा शर्यतींचा विषय नेहमी निघतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने बंद झालेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. तेव्हापासून वेगवान खोंडांना पुन्हा किंमत येऊ लागली, हे खरे. पण केवळ वेगासाठी केलेली निवड ही संपूर्ण जातीचे जतन नव्हे. ओढकाम, काटकपणा, गाईचे दूध आणि वेताची नियमितता यांचाही हिशेब ठेवावा लागतो, आणि शर्यतीच्या माळावर गाय कोणी आणत नाही.

दुसरा धोका कमी दिसणारा आहे. गावात एकच वळू वर्षानुवर्षे राहिला, तर त्याच्याच लेकींवर व नातींवर तो फळतो. वासरे खुजी होतात, भाकड काळ वाढतो. दोष मात्र जातीच्या माथी येतो. दर तीन-चार वर्षांनी शेजारच्या टापूतील वळूशी अदलाबदल करणे हा यावरचा साधा उपाय होय. कृत्रिम रेतनातही एकाच नावाजलेल्या वळूच्या रेतमात्रा सर्वत्र दिल्या जाऊ नयेत. देशी जातींच्या मूळ प्रदेशात शुद्ध पैदास आणि अवर्णित जनावरांत संकर, हे धोरण कागदावर स्पष्ट आहे. गावातील गाय शुद्ध डांगी की अवर्णित, हे मात्र रेतन करणाऱ्याने गोठ्यातच ठरवावयाचे असते, आणि तेथे पशुपालकाची घाई व दुधाची आशा दोन्ही उभ्या असतात.

क्षुल्लक वाटणाऱ्या जातीत काय दडलेले असते, याचा दाखला फलटणने दिला आहे. बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची इवलीशी मेंढी असते. वजनाने ती शेळीच्या करडाएवढीच वाटावी. पण ती एका वेतात दोन-तीन कोकरे देते. हा गुण एका विशिष्ट जनुकामुळे येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकापासून हा जनुक दख्खनी मेंढीत आणण्याचे काम केले आणि त्यातून जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी धनगरांच्या कळपांत पोहोचली. दख्खनीचा काटकपणा आणि गरोलची प्रसवक्षमता. दोहोंपैकी एक जरी जात आधीच नाहीशी झाली असती तरी हे घडले नसते.

रानातील बीजवृक्ष

वृक्षांचे आयुष्य मोठे, म्हणून त्यांच्यातील ऱ्हास उशिरा दिसतो. रोपवाटिकेसाठी बी गोळा करणारा मजूर साहजिकच रस्त्याकडेचे, ठेंगणे, भरपूर फळांनी लगडलेले झाड निवडतो. उंच, सरळसोट, दाट रानातील झाडावर चढणे कोणाला हवे असते? परिणामी वेड्यावाकड्या झाडांची संतती सर्वत्र पसरते. एकाच झाडाच्या बियांपासून हजारो रोपे केली तर ती सारी भावंडे होतात. त्यांच्या पुढील पिढीत बी पोचट निघण्याचा व वाढ खुरटण्याचा संभव वाढतो. म्हणून बी किमान पंचवीस-तीस झाडांवरून, आणि तीही एकमेकांपासून दूर असलेल्या झाडांवरून घ्यावे, असा वनशास्त्राचा सर्वसाधारण संकेत आहे. वृक्षलागवडीच्या मोहिमांत किती रोपे लावली याची मोजदाद चोख होते; ती कोणत्या रानातील बियांची होती, हा रकाना क्वचितच आढळतो. हा रकाना वाढवावयास पैसा लागत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे जुने सागवान हे अशा बीजधनाचे उत्तम उदाहरण. तेथील राखीव वनखंड २०१४ साली राज्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. २०२१ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील दलदलीतील राईला हा दर्जा मिळाला. जायफळाचे रानटी भाऊबंद तेथे पाण्यात मुळे रोवून उभे आहेत. क्षेत्र तीन हेक्टरांहूनही कमी. पण ते टिकले, कारण स्थानिक लोकांनी ते देवाचे म्हणून राखले. सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हा आजूबाजूच्या रानांतून नाहीसे झालेले वृक्ष या राईत सापडले. आजही देवराईचा जीर्णोद्धार करताना देवळाला सिमेंटचा सभामंडप होतो आणि त्यासाठी चार जुनी झाडे जातात. ग्रामपंचायतीने ठराव करताना हे पाहावे.

नोंदवही कोणी भरावी

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. पिकांचे वाण राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा अधिकार आहे. केवळ संरक्षित वाणाचे बी व्यापारी नावाने विकता येत नाही. आपला पारंपरिक वाण त्याला किंवा त्याच्या गावाला नोंदविताही येतो. राज्य शासनाने पिके, देशी पशुधन, गवताळ प्रदेश व वने यांच्या जननद्रव्याच्या संवर्धनासाठी महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास २०२२ साली मान्यता दिली.

राष्ट्रीय हरित लवादाने या समित्या व नोंदवह्या जानेवारी २०२० अखेर पूर्ण करण्याची मुदत घालून दिली होती. समित्या त्यामुळे झाल्या, पण मुदतीच्या घाईत भरलेली नोंदवही बहुधा पुस्तकातून उतरवलेली असते. तीत आंबा, वड, पिंपळ, गाय, म्हैस अशी यादी असते. ती कोणत्याही गावाची असू शकते. उपयोगी नोंद निराळी असते. ‘वाल, पांढरा, रुंद शेंगेचा, अमुक वस्तीवरील दोन घरांत बी आहे, एरवी कोणी लावीत नाही’ ही नोंद एका ओळीची, पण तीवरून पुढे काही करता येते.

असे काम बाहेरच्या माणसाकडून होत नाही. शाळेतील मुले आजीला विचारून ते उत्तम करू शकतात, हे अनेक शिक्षकांच्या अनुभवास येईल. बी प्रायः घरातील वृद्ध स्त्रीच्या हाती असते. ग्रामसभेत ती बोलत नाही, चुलीपाशी बोलते. समितीत स्त्रियांचे स्थान नियमापुरते न ठेवता नोंदी घेण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविले, तर वहीतील पाने आपोआप खरी होतील. विचारण्याचे दिवसही ठरलेले आहेत. अक्षय्य तृतीयेनंतर मृगापर्यंत घरोघर बियाणे उन्हात पडलेले असते, तेव्हा खरिपाचे वाण समोर दिसतात. हुरड्याच्या दिवसांत ज्वारी कणसावरून ओळखता येते, मळणीनंतर नाही. मोहाचे कोणते झाड आधी बहरते व कोणत्याची फुले अधिक गोड, हे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचणाऱ्यांबरोबर गेल्यास समजते. जनावरांची नोंद आठवडी बाजारात घेण्यापेक्षा गोठ्यात घ्यावी, कारण बाजारात येते ते विकाऊ असते. प्रत्येक नोंदीपुढे बी अथवा वळू सध्या कोणाकडे आहे हे लिहावे, आणि दरवर्षी तो रकाना पुन्हा तपासावा. ज्या वाणापुढे एकच नाव उरले असेल, त्याचे दोन ओंजळी बी त्याच हंगामात आणखी दोन घरी पेरले जाईल अशी तजवीज समितीने करावी, आणि एक पाकीट जवळच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा अकोल्याच्या केंद्राकडे पाठवावे.